आभारप्रदर्शन रद्द

मराठी माणसाचा कुठलाही कार्यक्रम आभारप्रदर्शनावाचून संपत नाही. व्याख्यान कितीही रटाळ होवो, ध्वनिक्षेपक कितीही किंचाळो, शेवटी चिटणीस उठतात, खिशातून चिठ्ठी काढतात आणि अध्यक्षांपासून सतरंज्या घालणाऱ्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानतात. एखाद्याचं नाव राहिलं तर मागाहून कटकट नको, म्हणून 'ज्ञात आणि अज्ञात' अशा समस्त हातांना एका वाक्यात गुंडाळून टाकतात. श्रोते तोवर चपला शोधायला लागलेले असतात. पण आभार मानल्याशिवाय कोणाला सोडायचं नाही, हा आपला बाणा.

गंमत अशी, की हाच चिटणीस घरी जाऊन ताटावर बसतो, आई किंवा बायको गरम भाकरी वाढते आणि तो मान वर न करता ती खातो. समजा एखाद्या दिवशी तो म्हणाला, "आई, या भाकरीबद्दल मी तुझा अत्यंत आभारी आहे," तर ती आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघेल आणि मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना बोलावणं धाडेल. आपण कृतघ्न आहोत असा याचा अर्थ मी काढत नाही. (घरातल्या बायकांचं मत वेगळं असू शकेल.) आभार ही बाहेरच्यांसाठी राखून ठेवलेली चीज आहे, कपाटातल्या चांगल्या कपबशांसारखी. घरच्यांना त्यातून चहा मिळत नाही.

आता या कपबशीवरून मी एका अवघड प्रश्नाकडे येतो. ज्या मुलाला दत्तक घेतलं, त्यानं आपल्या आईबापांचे आभार मानावेत का? प्रश्न वाटतो तितका पुस्तकी नाही. गेली दोन वर्षं आमच्या साताऱ्याच्या आणि सांगलीच्या अशा दोन घरांत त्याच्यावर वाद चालू आहे, आणि वादाचं कारण साडेतीन फूट उंचीचं आहे.

माझा भाचा साताऱ्याचा. म्हणजे माझ्या ताईचा मुलगा. भाचेसून सांगलीची, गावभागातली. दोघं कॅनडात असतात. लग्नाला बारा वर्षं झाली, मूल नव्हतं. डॉक्टर झाले, वैद्य झाले, दोन्ही गावच्या आज्यांनी मिळून निदान चौदा देवांना नवस बोलून ठेवले. शेवटी दोघांनी कळवलं, की आम्ही महाराष्ट्रातलं मूल दत्तक घेतो आहोत आणि त्यासाठी 'कारा'कडे नाव घातलं आहे. ताईनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "अरे, काय गुन्हा केला रे त्यानं?" कारा म्हणजे तुरुंग, एवढंच तिला शाळेतल्या संस्कृतामुळे आठवत होतं. दाजींनी आणि मी मिळून तिला समजावलं, की हे सरकारचं केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, १९९० साली स्थापन झालेलं, आणि इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांनी त्याची कारा झालेली आहे. नंतरची तीन वर्षं ज्या प्रकारे कागदपत्रं जमवण्यात गेली, ती पाहता ताईचा पहिला अंदाज अगदीच चूक होता असं म्हणवत नाही.

ज्यांना मुलं आपोआप होतात त्यांना ही परीक्षा ठाऊक नसते. भाच्याच्या घरी एक समाजसेविका बाई आल्या. त्यांनी पगार विचारला, आजार विचारले, जिन्याला कठडा आहे का पाहिलं, फोडणी दिली की ठणाणा करणारी ती धुराची घंटा चालते का पाहिलं. (ती रोज चालते.) मग त्यांनी भाच्याला विचारलं, "लहानपणी तुमचे वडील तुमच्यावर रागावल्यावर काय करत?" भाच्यानं सत्य सांगितलं असतं तर दाजींना वयाच्या शहात्तराव्या वर्षी खुलासा द्यावा लागला असता. मी मनात हिशेब केला, की हीच परीक्षा आमच्या पिढीतल्या आईबापांना बाळंतपणाआधी घेतली असती तर सातारा जिल्ह्याची लोकसंख्या माणदेशातल्या पावसाइतकीच विरळ राहिली असती.

पण वाट बघण्याच्या त्या वर्षांत आमच्याकडे दत्तक या विषयाची फार चर्चा झाली, आणि ती होणं साहजिकच होतं. दत्तकावर सातारकरानं बोलायचं नाही तर कोणी बोलायचं? इंग्रजांनी दत्तक नामंजूर करून जी राज्यं खालसा केली, त्यांतलं पहिलं गाजलेलं नाव साताऱ्याचं. प्रतापसिंह महाराजांना १८३९ साली पदच्युत करून काशीला पाठवलं. त्यांच्या जागी त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब आले. तेही एप्रिल १८४८ मध्ये वारले. जाताना त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता, पण डलहौसीसाहेब त्याच वर्षी जानेवारीत ताजे ताजे कलकत्त्याला उतरले होते आणि त्यांना कामाची हौस होती. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचं म्हणणं पडलं, की असं करू नये. पण राज्य गेलंच. छत्रपतींची बाजू मांडायला गेलेले रंगो बापूजी सुमारे चौदा वर्षं लंडनमध्ये अर्ज करत राहिले. सरकारी कचेरीत खेटे घालणाऱ्या प्रत्येक माणसानं त्यांचं एकदा स्मरण करून मगच घराबाहेर पडावं.

सांगलीच्या विहीणबाई हे सगळं ऐकून घेतात आणि मग हळूच म्हणतात, "आमचं मात्र दत्तकानं राहिलं हो!" खरं आहे ते. सांगलीचे धुंडिराज तात्यासाहेब पटवर्धन १९०१ साली मागं मुलगा न ठेवता वारले. पण अठराशे सत्तावननं इंग्रजांना थोडं शहाणपण शिकवलं होतं, आणि १८६२ पासून संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळालेल्या होत्या. १९०३ मध्ये पटवर्धन घराण्यातलाच एक तेरा वर्षांचा मुलगा निवडला गेला आणि तो चिंतामणराव आप्पासाहेब म्हणून पुढं चव्वेचाळीस वर्षं गादीवर राहिला. सांगलीत त्यांचं नाव आजही आदरानं घेतलं जातं. तेव्हा एका दत्तकानं सातारा बुडाला आणि एका दत्तकानं सांगली तरली, असा विहीणबाईंचा एकूण सिद्धांत, आणि ताई तो ऐकून चहात साखर कमी टाकते.

पण मला या इतिहासात वेगळीच गोष्ट टोचत राहिली. बडोद्याला १८७५ साली कवळाण्याच्या शेतकरी घरातलं पोर सयाजीराव झालं. कोल्हापूरला १८८४ साली कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव शाहू झाले. ताईमहाराज प्रकरण तर लोकमान्यांना १९०१ पासून १९१५ पर्यंत पुरलं. आपल्या इतिहासात जागोजागी दत्तक आहेत, कायदेपंडितांनी त्यांवर ढिगानं कागद लिहिला आहे. होम झाला की नाही, संमती होती की नाही, गोत्र कोणतं, सगळं नोंदलेलं आहे. मात्र ते पोर पहिल्या रात्री झोपलं का, रात्रीत उठून कोणाला हाक मारली, हे कोणी टिपून ठेवल्याचं माझ्या तरी वाचनात आलेलं नाही. कारण ते पोर मुळात त्याच्यासाठी आणलेलंच नव्हतं. कोणाला गादीवर बसवायला हवं होतं, कोणाला पिंड द्यायला हवं होतं. मोठ्यांच्या गरजेत एक पोराएवढी जागा रिकामी होती, तिथं पोर बसवलं.

याला मला ठाऊक असलेला एक मोठा अपवाद आहे, आणि तो पुन्हा आमच्या साताऱ्याकडचा आहे. सावित्रीबाई सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या, आणि जोतीराव फुल्यांचं मूळ घराणं कटगुणचं. या दोघांनी फसवल्या गेलेल्या विधवांसाठी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, आणि १८७४ साली अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, आपला म्हणून घेतला. तिथं गादी नव्हती, पिंडाची तर जोतीरावांना पर्वाच नव्हती. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याच्या हडपसरच्या दवाखान्याकडे रोगी आणता आणता सावित्रीबाई गेल्या. ते घर पोरासाठी उघडलं होतं. यशवंतानं त्यांचे आभार मानले होते का, हे विचारणंसुद्धा मला अपुऱ्या शहाणपणाचं वाटतं.

नंतर कायदाही बदलला. १९५६ च्या कायद्यानं मुलगीही दत्तक घेता येऊ लागली, आणि होमाची सक्ती गेली. प्रत्यक्ष देणं आणि प्रत्यक्ष घेणं, एवढं झालं की पुरे. त्याच कायद्यात एक कलम आहे, पंधरावं. रीतसर झालेलं दत्तक मोडता येत नाही. आईबापांना रद्द करता येत नाही आणि मुलालाही पहिल्या घरी परत जाता येत नाही. हे मी मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा दाजी म्हणाले, "म्हणजे लग्नापेक्षा पक्कं!" ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. दाजी वर्तमानपत्रात शिरले.

परदेशी जाणाऱ्या मुलांसाठी त्या काळात कायदाच नव्हता. पालक म्हणून नेमणूक करून घ्यायची आणि मूल घेऊन जायचं. एका वकिलाच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयानं लक्ष्मीकांत पांडे खटल्यात १९८४ साली नियम घालून दिले, आणि त्या निकालाचं सार एवढंच, की आधी मुलाचं हित बघा. दीडशे वर्षांत गादीपासून पोरापर्यंत येऊन पोचलो. आता वाटलं, चला, प्रश्न सुटला.

तो सुटला नव्हता. पोरगी चार वर्षांची मिळाली. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. ते तिचं आहे, आणि दोघांनी ते बदललंही नाही. ताईला गणपतीवरून काहीतरी ठेवायचं होतं. भाचेसून म्हणाली, "आई, तिच्याजवळ स्वतःची म्हणून एवढी एकच वस्तू आहे हो." ताई गप्प बसली. ताई गप्प बसली हे सातारच्या इतिहासात १८४८ इतकंच ठळक अक्षरांत नोंदवायला हवं.

फेब्रुवारीत ती कॅनडात पोचली. दारातून बाहेर पाहिलं तर अंगणभर पांढरं. तिनं विचारलं, "ह्ये कुणी सांडलं? मावशी रागावंल." मावशी म्हणजे संस्थेत तिला सांभाळणारी बाई. बर्फावरचं याहून चांगलं वर्णन मी आजवर वाचलेलं नाही, पण भाच्याला हसू आलं नाही. नंतरचे काही दिवस ती रात्री दोन वाजता उठायची, कारण तिचं घड्याळ अजून महाराष्ट्रातच होतं. उठून मावशीला हाक मारायची. भाचेसून जवळ जायची, तर तिच्याकडे ती शेजारच्या प्रवाशाकडे बघावं तसं बघायची. रडायची मात्र बेताचं, आवाज न करता, जणू शेजारच्या खाटांवरची मुलं उठतील. सकाळी उशीखाली अर्धी चपाती सापडायची.

आणि ती सगळ्यांना थँक्यू म्हणायची.

पाणी दिलं, "थँक्यू मावशी." मोजे घातले, "थँक्यू मावशी." भाच्यानं उचलून घेतलं, "थँक्यू काका." आईला मावशी आणि बापाला काका, आणि दोघांना दिवसातून पन्नास वेळा थँक्यू. हात जोडून, मान जरा कलती करून. त्या देशात थँक्यू हे वाऱ्यासारखं सगळीकडे भरून असतं; तिथं बसमधून उतरताना लोक चालकाचे आभार मानतात. (आमच्याकडे चालकाला जे म्हटलं जातं ते छापता येत नाही.) त्यामुळं शेजारणींना कौतुक. काय वळण! किती गोड! भाच्यानं मोठ्या अभिमानानं व्हिडिओ पाठवला. इथं साताऱ्यात आम्ही तो पाहिला, माझी बायको म्हणाली, "किती शहाणी आहे गं!"

सांगलीच्या विहीणबाईंनी तो तीन वेळा पाहिला आणि ताईला फोन केला. "विहीणबाई, मला हे काही बरं दिसत नाही. पोर आईला थँक्यू म्हणते. म्हणजे ती अजून पाहुणीच आहे की हो!"

मग त्यांनी उलगडा केला. त्या पूर्वी भिशीतल्या बायकांबरोबर एका संस्थेत जायच्या. कोणाचा वाढदिवस असला, कोणाच्या सासऱ्याचं वर्षश्राद्ध असलं, की पाहुणे बुंदीचे लाडू घेऊन येणार. मुलं रांगेत बसणार. लाडू हातात पडला की "थँक्यू काका, थँक्यू मावशी" म्हणणार. मग फोटो. पाहुणे डोळे पुसत घरी जाणार. दुसऱ्या दिवशी दुसरे पाहुणे. "पोरांना एवढं पक्कं ठाऊक असतं," त्या म्हणाल्या, "की थँक्यू म्हटलं की खायला मिळतं, आणि जे थँक्यू घेतात ते संध्याकाळी निघून जातात."

हे शेवटचं वाक्य ऐकून आमच्या खोलीत जरा वेळ कोणी बोललं नाही. चार वर्षांचं पोर दिवसातून पन्नास वेळा आभार मानत होतं, म्हणजे ती दिवसातून पन्नास वेळा भाडं भरत होती. आणि हे पाहुणे संध्याकाळी जातात की काय, याची वाट बघत होती.

इथं मला आपल्या मूळ प्रश्नाचं टोक सापडलं. दत्तकाची बातमी कळल्यापासून आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलत होता: "मोठं पुण्याचं काम केलं हो मुलानं!" किराणा दुकानदार म्हणाला, देवळातले पुजारी म्हणाले, दाजींचे फिरायला जाणारे सोबती म्हणाले. वाक्य चांगल्या मनाचं आहे, म्हणून तर जास्त अवघड आहे. कारण पुण्य म्हटलं की कोणीतरी देणारा आला आणि कोणीतरी घेणारा आला. देणाऱ्याच्या खात्यावर जमा झाली, की घेणाऱ्याच्या खात्यावर ती नावे पडणारच. एवढं जमाखर्चाचं ज्ञान बँकेत तेहतीस वर्षं काढलेल्या माझ्यासारख्याला आहे. जुन्या काळी पोर आणत ते पिंडासाठी. आता पिंड गेला आणि पुण्य आलं. दोन्हींत पोर मोठ्यांच्याच कामाला जुंपलेलं. डलहौसीनं निदान कागदावर तरी नाही म्हटलं होतं.

आणि ही उधारी पुढं वाढत जाते. अशा मुलानं साधं असून चालत नाही. आता लिसा स्थळेकर घ्या. १९७९ साली पुण्यात जन्मलेली मुलगी. 'श्रीवत्स' संस्थेतून तिला तान्हेपणी हरेन आणि सू स्थळेकर या दांपत्यानं घेतलं. घर अमेरिका, केनिया करत ऑस्ट्रेलियात स्थिरावलं, आणि बापाला क्रिकेटचं वेड असल्यामुळे मुलगीही खेळू लागली. ती ऑस्ट्रेलियाची कर्णधार झाली, एकदिवसीय सामन्यांत हजार धावा आणि शंभर बळी ही मजल मारणारी पहिली बाई ठरली, २०१३ साली मुंबईतच विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होती. वाचून ऊर भरून येतो. आमच्या पोरीची बातमी कळल्यावर दोघातिघांनी मला ही गोष्ट सांगितली आणि वर म्हणाले, "बघा, दत्तक घेतल्याचं कसं सार्थक झालं!"

म्हणजे ती त्रिफळाचीत होत राहिली असती, कुठल्याशा कचेरीत कारकून झाली असती, तर सार्थक झालं नसतं? विजय हजारे सांगलीत जन्मले, म्हणून सांगलीत जन्मलेल्या बाकीच्या सगळ्यांनी आपापल्या आयांना खुलासा द्यायचा काय? आमच्या भाच्याला बारावीला गणितात छत्तीस मार्क होते. ताईनं आठ दिवस अबोला धरला, पण त्याला जन्म दिल्याचं सार्थक झालं नाही असं तिच्या मनात आलं नाही. नापास व्हायचा, कंटाळवाणं व्हायचा, आईशी भांडून दार आपटायचा हक्क घरच्या मुलाला जन्मतःच मिळतो. दत्तक मुलाला तो कमवावा लागत असेल, तर कायद्यानं काहीही म्हणो, दत्तकविधान अजून पुरं झालेलं नाही.

आता एक आक्षेप दाजींनी काढला, आणि तो वजनदार आहे. "अरे, पण आपल्याकडे पितृऋण म्हणतातच की! घरच्या मुलावरही आईबापांचं ऋण असतंच." असतं. पण ते फेडायची रीत शास्त्रकारांनी काय सांगितली आहे, ते पाहावं. देवांचं ऋण यज्ञानं, ऋषींचं अध्ययनानं, आणि पितरांचं ऋण संतती वाढवून. म्हणजे बापाचं देणं बापाला परत करायचं नाही, पुढच्या पोराला द्यायचं. ज्याच्याकडून कर्ज काढलं त्यालाच फेडायचं नाही, अशी ही जगातली एकमेव बँक.

आमच्या भागात हे समजायला शास्त्र लागत नाही, कृष्णा पुरते. महाबळेश्वरला निघते, माहुलीला वेण्णा घेते, कराडला कोयना घेते, आणि ते सगळं पाणी सांगलीला नेऊन देते. हरिपूरला वारणा येऊन मिळते. त्या पाण्यावर सांगलीची हळद होते, ऊस होतो. सांगलीनं ते पाणी साताऱ्याला कधी परत केलेलं नाही, आणि साताऱ्यानं मागितलेलं नाही. (२००५ आणि २०१९ च्या पुरात सांगलीकर "तुमचं पाणी परत घ्या" असं कळवळून सांगत होते, पण तो प्रश्न वेगळा.) पाणी खालीच जायचं. माया पण तशीच खालच्या अंगाला वाहते. भाच्यानं जे पोरीला दिलं ते त्याला ताईकडून आलेलं होतं, ताईला आमच्या आईकडून. मधल्या घाटावर उभं राहून पावती मागण्याचा अधिकार कोणालाच नाही.

पण आभार मानायचेच असतील, तर यादी वेगळी करावी लागेल. ज्या बाईनं तिला नऊ महिने वाढवलं आणि मग, देव जाणे कोणत्या संकटात, सोडलं, ती कुठंतरी आहे. आणि ती मावशी आहे. साडेतीन वर्षं तुटपुंज्या पगारावर तिनं या पोरीला न्हाऊ घातलं, केस विंचरले, तापात उशाशी बसली. पोरगी रात्री दोन वाजता जिच्यासाठी रडत होती, तिच्यापासून तिला आपणच तोडून आणलं होतं. पुण्याच्या कामात हा खर्चाचा रकाना कोणी लिहीत नाही. भाचेसुनेनं तो लिहिला. संस्थेची परवानगी काढून तिनं मावशीला फोन लावला. मी तिला विचारलं, "अगं, तुला वाईट नाही वाटलं? पोर तिच्यासाठी रडतं म्हणून?" ती म्हणाली, "मामा, वाटलं ना. पण तिला कोणावर तरी एवढा जीव लावता येतो, हे मावशीनंच शिकवलंय. ते शिकलेली नसती तर माझी काय कथा?" मावशी पडद्यावर आली, पोरीनं तिला नवी लाल टोपी दाखवली. मावशीनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "आईचं ऐकायचं हां." त्या दिवशी पोरीला आई कोण ते पहिल्यांदा कळलं, कारण ज्या माणसावर तिचा विश्वास होता त्यानं सांगितलं. दत्तहोम म्हणतात तो हाच असावा. देणं आणि घेणं, दोन्ही त्या दिवशी झालं.

त्यानंतर थँक्यू एकदम थांबलं नाही. दुसरा महिना गेला, तिसरा गेला. कॅनडातल्या बाई ठरल्याप्रमाणे तिमाही अहवालासाठी आल्या. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी असा अहवाल इकडे पाठवावा लागतो. त्यांनी लिहिलं, मूल अतिशय समंजस आहे. विहीणबाई सांगलीत उसासा टाकून म्हणाल्या, "अजून समंजसच आहे का?"

मग एका रविवारी सकाळी फोन आला. भाचेसूनच बोलत होती, आवाज चिरकत होता. ताई घाबरली. झालं होतं ते असं: नाश्त्याला उपीट केलेलं. पोरीनं बशीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि बशी ढकलून दिली. "मला न्हाई पायजे ह्ये! तू रोज रोज ह्येच करती!" उपीट जमिनीवर. मग मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं रडणं. "आई वाईट हाय!" भाचेसून हे सांगता सांगता हसत होती की रडत होती, ते तारेतून कळलं नाही.

ताईनं फोन ठेवला, दाजींना राजवाड्याजवळ पिटाळलं आणि दोन किलो कंदी पेढे आणवले. आळीत घरोघर दिले. "कशाबद्दल हो?" असं लोक विचारत. "नातीनं उपीट फेकलं," ताई सांगे. लोक पेढा घेत आणि दाजींकडे सहानुभूतीनं बघत. सांगलीत विहीणबाईंनी भडंग वाटला, कारण सांगलीकर आपली पायरी सोडत नाहीत.

सगळं सुरळीत झालं, असं मी म्हणणार नाही. पोरगी मोठी होईल, विचारील. आपण कुठून आलो हे शोधायचा हक्क नियमांनीही तिला दिलेला आहे. कदाचित रागावेल, की मला माझ्या मातीतून, माझ्या बोलीतून उचलून बर्फात का आणलं? त्या दिवशी भाच्याजवळ काय उत्तर असेल मला ठाऊक नाही. "आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं" हे मात्र उत्तर नव्हे, एवढं त्याला आत्ताच ठाऊक आहे.

येत्या मे महिन्यात ती पहिल्यांदा इकडे येते आहे. आधी सातारा की आधी सांगली यावर दोन्ही विहिणींत तह अजून व्हायचा आहे. तूर्त ताईनं आळीतल्या बायकांना बोलावून चहा पाजला आणि सक्त ताकीद दिली. पोरीच्या देखत तीन शब्द काढायचे नाहीत. पुण्य नाही, उपकार नाही, आणि "नशीब काढलं हो पोरीनं" हे तर मुळीच नाही. पोरीकडून थँक्यू म्हणवून घ्यायचं नाही.

समोरच्या काकू गोंधळल्या. म्हणाल्या, "अगं बाई, मग पोरीशी बोलायचं तरी काय?"

"जेवलीस का, म्हणा," ताई म्हणाली.